सोनोग्राफीत दिसतं, मग सांगत का नाही?

प्रश्न विचारणारे पुण्याचे आहेत, आयटीत आहेत, बायकोला पाचवा महिना लागलाय. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की कॅनडातल्या त्यांच्या बहिणीला विसाव्या आठवड्याच्या स्कॅनलाच सांगितलं, मुलगी आहे म्हणून, त्यांनी नाव ठरवलं, खोली रंगवून घेतली, आणि इथं मात्र आधार कार्डाची झेरॉक्स घेतात, 'मला बाळाचं लिंग जाणून घ्यायचं नाही' असं लिहून सही घेतात, जसं काही आम्ही गुन्हा करायलाच आलोय. आम्हाला मुलगी झाली तरी आनंदच आहे. मग डॉक्टरला कळलेली गोष्ट आईबापाला का कळू नये? आणि आता साध्या रक्त तपासणीत हे कळतं, एआय आलंय, तर लिंगनिदानावर बंदी घालणारा 1994 चा कायदा अजून कशाला धरून बसायचा?

मी रेडिओलॉजिस्ट आहे, ऊसपट्ट्यातल्या एका तालुक्याच्या गावी सेंटर चालवतो, त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे, आणि शेवटी तुम्हाला पटेलच असंही नाही.

आधी सरळ मुद्दा. हो, दिसतं. बाराव्या-तेराव्या आठवड्याला अंदाज येतो, अठरा ते वीसला तर स्वच्छ दिसतं, बाळाने मांड्या आवळून धरल्या नसतील तर. आणि ते बघायला आम्ही वेगळं काही करत नाही, मूत्राशय बघताना, मांडीचं हाड मोजताना ते पडद्यावर येऊन जातंच, डोळे थोडेच मिटून घेणार. तरी प्रत्येक स्कॅननंतर फॉर्म एफवर, म्हणजे या कायद्याने गरोदर बाईच्या प्रत्येक स्कॅनला भरायच्या फॉर्मवर, माझी जी सही होते तिच्या वर छापलेलं असतं की मी गर्भाचं लिंग ओळखलेलंही नाही आणि कुणाला कुठल्याही प्रकारे सांगितलेलंही नाही. यातला दुसरा भाग शंभर टक्के खरा. पहिला भाग खरा ठेवणं अॅनॉमली स्कॅन, म्हणजे बाळातले दोष शोधायची सोनोग्राफी, नीट करणाऱ्या कुठल्याही माणसाला अवघड आहे, हे आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे आणि मोठ्याने कुणी बोलत नाही.

याची खरी अडचण कुठं होते ते सांगतो. पोटातल्या बाळाचं मूत्राशय फुगलेलं आहे, दोन्ही किडन्यांना सूज आहे, खाली किल्लीच्या भोकासारखा आकार दिसतोय, गर्भजल कमी झालंय. याचा अर्थ लघवीच्या मार्गात पडदा आहे, पोस्टीरियर युरेथ्रल व्हॉल्व्ह म्हणतात त्याला, आणि हा आजार फक्त मुलग्यांनाच होतो. म्हणजे निदान स्पष्ट लिहिलं की लिंग सांगितल्यासारखं झालं. मग आम्ही काय करतो, तर 'मूत्राशयाच्या तोंडाशी अडथळा' असं मोघम लिहितो, पुढच्या पिडियाट्रिक सर्जनला कळायचं ते कळतं. उलट बाजूने, बाळाच्या ओटीपोटात गाठ दिसली आणि ती अंडाशयाची वाटली तर रिपोर्टात 'पोटात द्रवाची गाठ' एवढंच येतं. तीन ओळींचा रिपोर्ट लिहिताना एवढा विचार करावा लागतो. पेशंटला पूर्ण माहिती द्यायची हे मेडिकल कॉलेजात शिकलो आणि इथं माहिती अर्धी ठेवायला शिकलो. तरी मी म्हणतो की सांगू नये तेच बरोबर आहे. का, ते आता सांगतो.

तुम्ही जे 'आम्हाला' म्हणता ना, तिथंच सगळी गोम आहे. तुमच्या घरात ते तुम्ही दोघं असाल. माझ्या टेबलावर जी बाई झोपलेली असते ती बहुतेक वेळा काहीच विचारत नाही, ती छताकडे बघत असते. विचारणारे बाहेर बाकावर असतात. सासूबाई आत येऊन म्हणणार, 'डॉक्टर, सगळं नीट हाय न्हवं?' मी म्हणायचं हो, ठोके चांगले आहेत, वाढ चांगली आहे. मग थोडं थांबून, 'तसं न्हाई, आमाला पयल्या दोन पोरीच हाईत म्हनून इचारलं.' यात कायद्याने पकडण्यासारखं एक अक्षर नाही. नवरा मागे मोबाईलमध्ये बघत उभा असतो पण कान इकडे असतात. आणि त्या क्षणी टेबलावरची बाई माझ्याकडे बघते, आणि मी काय बोलणार याची तिला जास्त भीती वाटते की मी गप्प बसेन याची, हे मला आजपर्यंत नक्की सांगता आलेलं नाही. मी जर बोललो तर ती माहिती तिला मिळणार नाहीये, ती बाहेरच्या बाकाला मिळणार आहे, आणि त्या बाकाला 'नाही' म्हणायची ताकद तिच्याकडे नाही. एवढं एकच कारण मला पुरतं. कायद्यानेही हे ओळखलंय बरं का, कलम 24 म्हणतं की अशी तपासणी झाली तर नवऱ्याने किंवा नातेवाइकांनीच तिला भाग पाडलं असं कोर्ट धरून चालेल, नसेल तर तसं त्यांनी सिद्ध करावं.

'पण आम्ही तसे नाही.' असणारच नाही, मी विश्वास ठेवतो. शिवाय तुमची पहिली खेप दिसतेय, आणि पहिल्या खेपेला फारसं कुणी काही करत नाही. हा सगळा प्रकार पहिली मुलगी असली की दुसऱ्या खेपेला सुरू होतो आणि दोन मुली असल्या की तिसऱ्या खेपेला टोकाला जातो. आता काउंटरवर बसून मी कसं ठरवणार की हे जोडपं सुशिक्षित दिसतंय यांना सांगा, हे ट्रॅक्टरवरून आलंय यांना नको? आणि सुशिक्षित म्हणाल तर तुमच्या बहिणीच्या कॅनडाचंच घ्या. तिथं ऑन्टॅरियो प्रांतातल्या जन्मनोंदी तपासल्या गेल्या होत्या, त्यात भारतात जन्मलेल्या ज्या आयांना आधीच्या दोन मुली होत्या त्यांच्या तिसऱ्या खेपेला 100 मुलींमागे 196 मुलगे निघाले. निसर्गाचं प्रमाण साधारण 105 असतं. अमेरिकेच्या 2000 च्या जनगणनेतही चिनी, कोरियन, भारतीय कुटुंबांत तिसऱ्या खेपेला असाच कल दिसला होता. म्हणजे शिकून, चांगला पगार घेऊन, समुद्र ओलांडून गेलं तरी हे सामान बरोबर जातं. तिथं बाकीच्या समाजाला मुलगा-मुलगी एकच असल्यामुळे सांगून टाकायची पद्धत पडली, आपल्यातल्या काहींनी तिचा काय उपयोग केला तो या आकड्यात आहे.

आपल्याकडचे आकडे पण बघून घ्या, कारण लोकांना वाटतं हे सगळं हरियाणा-पंजाबचं. शून्य ते सहा वयोगटात 1000 मुलांमागे महाराष्ट्रात 1991 ला 946 मुली होत्या, 2001 ला 913, 2011 ला 894. कोल्हापूर 2001 ला 839 वर होतं, सांगली 851 वर, म्हणजे साखर कारखाने, दूध संघ, शिक्षणसंस्था असलेला सगळा सधन पट्टा. बीड 2011 ला 807 वर आलं. आणि गडचिरोली, जिथं आपल्या भाषेत 'काही सोयी नाहीत', तिथं 960 च्या आसपास. कुणी म्हणेल तिथं मशीनच नव्हती म्हणून, ते थोडं खरं आहे, पण तिथल्या आदिवासी घरांत मुलगी म्हणजे खर्च हा हिशोबच आपल्यासारखा नाही हे जास्त खरं आहे.

आणि हे तंत्रज्ञान कुणी वाईट हेतूने आणलं नव्हतं. गर्भजल काढून तपासायची पद्धत, अॅम्निओसेंटेसिस, आपल्याकडे सत्तरच्या दशकात आली ती गर्भातले दोष शोधायला, आणि ऐंशीच्या दशकात मुंबईत तिची दुकानं लागली, आत्ता थोडे पैसे घाला म्हणजे पुढं हुंड्याचे लाखो वाचतील अशा अर्थाच्या जाहिराती उघड होत्या. त्याविरुद्ध मुंबईतल्या बायकांच्या संघटना, काही डॉक्टर, वकील असे एकत्र आले आणि त्यांच्या रेट्यामुळे 1988 साली महाराष्ट्राने देशातला पहिला कायदा केला. मग 1994 चा केंद्राचा कायदा, तो लागू झाला 1996 ला, आणि नुसताच कागदावर राहिला. शेवटी 2000 साली सेहत, मासूम या आपल्याकडच्या संस्था आणि लिंगनिवडीविरुद्ध काम करणारे डॉ. साबू जॉर्ज सुप्रीम कोर्टात गेले तेव्हा सरकारांना विचारणा झाली की बाबांनो, राज्यात मशिनी किती आहेत हे तरी माहितीय का. 2003 ला कायदा दुरुस्त झाला, गर्भधारणेआधीच्या निवडीलाही बंदी आली. 'आम्हाला दोन मुली आहेत, आता फॅमिली बॅलन्सिंग करू द्या' म्हणणारी जोडपी पुढे मुंबई हायकोर्टातही जाऊन आली, कोर्टाने ऐकलं नाही. मला तो निकाल बरोबर वाटतो, कारण बॅलन्सिंग मागायला जे येतात त्यांच्याकडे दोन मुली असतात, दोन मुलगे असलेलं जोडपं तिसरी मुलगीच पाहिजे म्हणून आलेलं मी तरी बघितलेलं नाही.

आता कायद्याला नावं ठेवायची माझी पाळी, कारण इथपर्यंत वाचून काही मित्र म्हणतील हा सरकारी प्रचारक झाला.

कायदा बरोबर आहे पण त्याचा सगळा भार मशीनवर आणि कागदावर आहे. फॉर्म एफमध्ये चूक, रकाना रिकामा, पत्ता अर्धवट, तर कलम 4(3) नुसार तेच लिंगनिदान केल्याचं उल्लंघन धरलं जातं, तसं नाही हे डॉक्टरने सिद्ध करायचं. शिक्षा तीच, तीन वर्षांपर्यंत तुरुंग, दहा हजारांपर्यंत दंड, कोर्टाने आरोप निश्चित केले की मेडिकल कौन्सिलचं रजिस्ट्रेशन निलंबित. स्त्रीरोगतज्ज्ञांची संघटना याविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेली होती, 2019 मध्ये कोर्टाने सांगितलं की हा फॉर्म म्हणजे कारकुनी नाही, गुन्हा शोधायचा दुसरा मार्गच नाही. कोर्टाच्या म्हणण्यात दम आहे हे मी मान्य करतो, बंद खोलीत दोन माणसांत झालेली कुजबुज तुम्ही कशी पकडणार, कागदच पकडणार. पण प्रत्यक्षात होतं काय, की जो हा धंदा करतो त्याचे फॉर्म सगळ्यात स्वच्छ असतात, त्याला माहीत असतं ना. आणि ज्याच्याकडे दिवसाला ढीगभर पेशंट आणि एक रिसेप्शनिस्ट आहे त्याचा एक रकाना राहतो आणि मशीनला सील लागतं. माझ्या ओळखीतल्या एका बाईंच्या सेंटरला असंच सील लागलं होतं, बाळाच्या आईचा फोन नंबर एक आकडा कमी लिहिला गेला होता म्हणून, बाकीच्या भानगडी पुढं किती वर्षं चालल्या ते विचारू नका.

कोल्हापूरने मध्ये एक वेगळा प्रयोग केला होता. 2009-10 च्या सुमारास तिथले कलेक्टर लक्ष्मीकांत देशमुख यांनी सायलेंट ऑब्झर्व्हर नावाचं यंत्र सोनोग्राफी मशीनला जोडायला लावलं, प्रत्येक स्कॅनची नोंद आत साठत जायची. आमच्या रेडिओलॉजिस्टांच्या संघटनेने हायकोर्टात विरोध केला, 2011 मध्ये हायकोर्टाने यंत्राच्या बाजूने निकाल दिला. कोल्हापूर 2001 च्या 839 वरून 2011 ला 863 वर आलं, त्याचं सगळं श्रेय त्या डब्याला देता येणार नाही, तो आकडा शून्य ते सहा वयाच्या सगळ्या मुलांचा आहे आणि यंत्र शेवटी आलं. पण वचक बसला हे मी स्वतः ऐकलेलं आहे. माझी हरकत दुसरीच होती. चित्र साठवून काय मिळणार? लिंग सांगितलं जातं ते चित्रातून नाही, तोंडातून, किंवा तोंडाशिवायही, 'पेढे आणा' म्हटलं की झालं, 'शुक्रवारी या' आणि 'सोमवारी या' यातही सांगता येतं. आणि जिल्ह्यातल्या प्रत्येक गरोदर बाईच्या स्कॅनची फिल्म सरकारच्या आवाक्यात ठेवायची, यात तिला कुणी विचारलं होतं का, हा प्रश्न तेव्हा आम्ही डॉक्टरांनीही नीट विचारला नाही, आम्ही आपल्या अब्रूचाच विचार करत होतो.

मुलींच्या बेकायदा गर्भपाताची जी मोठी प्रकरणं उघड झाली ती कशी झाली बघा. 2012 ला बीड जिल्ह्यातल्या परळीत, 2017 ला सांगली जिल्ह्यात म्हैसाळला. म्हैसाळमध्ये ओढ्याकाठी पुरलेले 19 गर्भ सापडले, आणि सोनोग्राफी बऱ्याच जणींची सीमेपलीकडे कर्नाटकात झालेली होती. दोन्ही ठिकाणी वाचा फुटली ती फॉर्म एफ तपासून नाही, कॅमेऱ्याने नाही, गर्भपातात एकेका बाईचा जीव गेला म्हणून. गावाला माहीत नव्हतं असं कुणी म्हणू नये.

मग हा सगळा उपद्व्याप सोडून उलटं का करू नये, असं बरेच जण सुचवतात. 2016 मध्ये तेव्हाच्या केंद्रीय मंत्री मेनका गांधींनी जाहीर बोलून दाखवलं होतं, 2024 मध्ये आयएमए या डॉक्टरांच्या देशपातळीवरच्या संघटनेच्या अध्यक्षांनीही, की सरळ सगळ्यांचं लिंग तपासा, नोंदवा, आणि मुलगी असेल तर ते गरोदरपण शेवटपर्यंत ट्रॅक करा. तुम्हा आयटीवाल्यांना हे फार आवडतं, डेटाबेस, डॅशबोर्ड, अलर्ट. मला हे भयानक वाटतं. एकतर दरवर्षी देशात दोन कोटींच्या वर बाळंतपणं, ती ट्रॅक कोण करणार, ती आशाताई का जिचं मानधन वेळेवर निघत नाही? पण समजा जमलं. मुलीचा गर्भ असलेल्या बाईचा आपोआप गर्भपात झाला, आणि लिंग कळायच्या वेळेनंतरही तसे होतात, तर तिने पोलिसांना उत्तर द्यायचं. ती आधीच रडतेय, त्यात चौकशी. आणि घरच्यांना तर तुम्ही सरकारी खर्चाने सांगूनच टाकलं की मुलगी आहे, मग पुढचे महिने तिला काय खायला मिळेल, दवाखान्यात कधी आणतील, ते डॅशबोर्डवर दिसणार नाही.

आणि याच्याही खाली एक गोष्ट आहे जी मला सगळ्यात जास्त छळते. गर्भपात आपल्याकडे 1971 पासून कायदेशीर आहे. 2021 च्या दुरुस्तीनंतर वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मताने, ठराविक परिस्थितीत चोवीसपर्यंत दोघांच्या, आणि बाळात गंभीर व्यंग असेल तर त्याही पुढं मेडिकल बोर्डाच्या परवानगीने. सज्ञान बाईची एकटीची संमती पुरते, नवऱ्याची सही लागत नाही, कितीही ठिकाणी मागत असले तरी. पण बेटी बचावच्या नावाखाली झालं काय, की 'गर्भपात' हा शब्दच गुन्हा वाटायला लागला. परळीनंतर छापे पडले, मेडिकल दुकानदारांच्या मागे गोळ्यांच्या हिशोबाचं लचांड लागलं, आणि बऱ्याच जणांनी गर्भपाताच्या गोळ्या ठेवणंच बंद केलं. आता गंमत बघा, त्या गोळ्या नऊ आठवड्यांपर्यंत द्यायच्या असतात, आणि नवव्या आठवड्याला सोनोग्राफीत मुलगा-मुलगी काहीही कळत नाही. म्हणजे ज्या बाईला धाकटं मूल अजून अंगावर पितंय आणि दिवस राहिलेत, जिला लिंगाशी काही देणंघेणं नाही, तिच्या गोळ्या गेल्या, आणि ज्याला मुलगी नको होती तो गाडी करून सीमेपलीकडे गेलाच. मुलीचा जीव वाचवायचा आणि बाईचा हक्कही राखायचा, हे दोन्ही एकाच कायद्याच्या खोलीत नीट बसत नाहीयेत, आणि जो कुणी तुम्हाला सांगेल की यात काही विरोध नाही त्याने ओपीडी केलेली नाही. व्यंगासाठी गर्भपात चालतो, मग लिंगासाठी का नाही, असंही लोक मला विचारतात, आणि अपंगांच्या चळवळीतले लोक याच्या उलट्या बाजूने विचारतात की मग व्यंगासाठी तरी का चालतो. मला पहिल्याचं उत्तर देता येतं. दुसऱ्याला मी अजून पूर्ण उत्तर देऊ शकत नाही.

आता तुमच्या रक्त तपासणीकडे येतो, कारण तुमच्या प्रश्नातला खरा दमदार भाग तो आहे. एनआयपीटी म्हणतात, दहाव्या आठवड्यानंतर आईच्या दंडातून रक्त काढायचं, त्यात वारेतून (प्लॅसेंटातून) आलेले बाळाचे डीएनएचे तुकडे तरंगत असतात, त्यावरून डाउन सिंड्रोम वगैरेची शक्यता कळते. आईच्या रक्तात वाय क्रोमोसोम, जो मुलग्यातच असतो, सापडला तर तो तिचा नाही, बाळाचाच, एवढं सोपं आहे. इथल्या लॅबना कायदा लागू आहे, त्या लिंग कळवत नाहीत. पण त्यातही फट राहते. टर्नर सिंड्रोमचा धोका आहे म्हणून रिपोर्ट आला तर ती मुलगीच असते, क्लाइनफेल्टर म्हटलं की मुलगा. हिमोफिलिया किंवा डुशेन (स्नायू झिजत जाण्याचा आजार) असलेल्या घराण्यात तर कायदाच लिंगाशी निगडित आजार तपासायला परवानगी देतो, तिथं रिपोर्ट फक्त बाधित की अबाधित एवढा देता येतो, पण घरचे शहाणे असले तर अर्धं गणित त्यांना सुटतंच.

माझी खरी काळजी वेळेची आहे. सोनोग्राफीच्या काळात खात्रीने कळायला चौदा-सोळा आठवडे जायचे, मग गर्भपात म्हणजे दुसऱ्या तिमाहीतला, अॅडमिट होणं, रक्तस्राव, शेजारीपाजारी कळणं, धोका, आणि पकडलं जायची शक्यता. हा कायदा जो काही चालला तो या अडचणीच्या जोरावर चालला, नैतिकतेच्या जोरावर नाही. रक्त तपासणीने उत्तर अकराव्या-बाराव्या आठवड्याला हातात येतं, तेव्हाचा गर्भपात साधा, एका डॉक्टरचा, कायदेशीर, आणि कारणाच्या रकान्यात 'गर्भनिरोधक फेल' लिहिलं की कुणी काही विचारत नाही. मशीनला सील लावता येतं, रक्ताची ट्यूब कुरियरने कुठंही जाते. गुगल, याहू, मायक्रोसॉफ्ट यांना लिंगनिदानाच्या जाहिराती रोखायला सुप्रीम कोर्टाने लावलंय, ते चांगलंच झालं, पण कुठं जायचं हे आपल्याकडे गुगलवर नाही, लग्नाच्या पंगतीत कळतं.

म्हणजे तुमचं अर्धं बरोबर आहे, मशीनवर पहारा ठेवणारा कायदा जुना होत चाललाय. पण त्यावरून तुम्ही 'मग सांगूनच टाका' काढता आणि मी काढतो की पहारा ज्याला कळतं त्या माणसावर येऊन ठेपणार आहे, म्हणजे लॅबमधला जेनेटिसिस्ट, तंत्रज्ञ, सॉफ्टवेअर लिहिणारा तुमच्यासारखा माणूसही. कारण तो रिपोर्ट कुठला रकाना दाखवेल आणि कुठला झाकेल हे आता कोडमध्ये ठरतंय. एआयने पडद्यावरचा तेवढा भाग आपोआप धूसर करावा अशी कल्पना मी ऐकलीय. ऐकायला छान आहे, पण मघाशी सांगितलेला तो लघवीच्या मार्गातला पडदा नेमका तिथंच असतो, तो पण धूसर झाला तर त्या बाळाच्या किडन्या गेल्या. झाकायचं ते लोकांपासून, डॉक्टरपासून नाही.

पोर्टेबल मशीनचं दुखणं तर याच्या उलट. आज मोबाईलला जोडायचा प्रोब मिळतो, खिशात मावतो. मेळघाटात एखाद्या बाईची वार खाली आहे हे सातव्या महिन्यात कळलं तर तिला आधीच अमरावतीला हलवता येईल, नाही कळलं तर बाळंतपणात रक्त वाहून जाईल. पण 2012 च्या नियमांनी पोर्टेबल मशीन नोंदणीच्या जागेत किंवा फिरत्या दवाखान्यातच वापरायची परवानगी आहे, आणि एका रेडिओलॉजिस्टला जिल्ह्यात दोनच जागा. हे नियम कुणामुळे आले? आमच्या पट्ट्यातल्या गाडीत मशीन घालून गावोगाव फिरणाऱ्यांमुळे. आणि भोगतं कोण, तर जिथं मुलीला कधी कुणी मारलंच नाही तो डोंगर. याचा राग यायला हवा पण तो नियम करणाऱ्यावर काढून उपयोग नाही. मला वाटतं किमान आदिवासी तालुक्यांसाठी प्रशिक्षित नर्सच्या हातात असं मशीन देऊन बघायला हरकत नाही, वार कुठं आहे, बाळ आडवं आहे का, ठोके आहेत का, एवढंच बघायचं. आमच्या संघटनेतल्या लोकांना हे आवडणार नाही, त्यात थोडा पोटापाण्याचाही भाग आहे हे मान्य करू.

हा कायदा कायम राहणार का? राहू नये. दक्षिण कोरियात 1987 पासून अशीच बंदी होती, 1990 ला तिथं 100 मुलींमागे 116 च्या वर मुलगे जन्मत होते, आणि 2007 च्या आसपास प्रमाण निसर्गावर आलं. 2008 मध्ये त्यांच्या घटनात्मक न्यायालयाने बंदी सैल करायला लावली, आणि 2024 च्या फेब्रुवारीत उरलेलं कलमही रद्द केलं, मुलगाच पाहिजे हे आता समाजात तेवढं राहिलं नाही म्हणून. तिथं नुसत्या बंदीने हे झालं नाही, बायका नोकरीला लागल्या, म्हातारपणाला पेन्शन आली, घराण्याचा प्रमुख पुरुषच हा त्यांचा कायदा 2005 मध्ये मोडीत निघाला. आपल्याकडे वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना बरोबरीचा हक्क 1994 लाच महाराष्ट्राने दिला, केंद्राच्या आधी, आणि आजही भावांसाठी हक्कसोड पत्रावर सह्या करणाऱ्या बहिणींची रांग संपत नाही. ती रांग संपली की माझ्या काउंटरवरचा फॉर्म एफ पण काढून टाका, मी पहिला टाळी वाजवीन.

तुमच्यापुरतं सांगायचं तर बायकोचा अॅनॉमली स्कॅन अठरा ते वीस आठवड्यांत करून घ्या, सवड नाही म्हणून पुढं ढकलू नका, कारण काही निघालंच तर इको, गर्भजल तपासणी, दुसरं मत यात दोन-तीन आठवडे सहज जातात आणि चोवीसची रेघ समोर असते. जाताना दोघांची ओळखपत्रं, डॉक्टरची चिठ्ठी, पाळीची तारीख आणि आधीचे रिपोर्ट घ्या, फॉर्मवर फोन नंबर स्वतः तपासून घ्या. आणि आत गेल्यावर हृदयाचे चारही कप्पे आणि त्यातून निघणाऱ्या दोन मोठ्या रक्तवाहिन्या नीट दिसल्या का, मणक्याची रांग शेवटपर्यंत बघितली का, वरचा ओठ बघितला का, दोन्ही किडन्या आहेत का, हे बिनधास्त विचारा. बाळ पालथं असलं आणि काही दिसलं नाही तर रिपोर्टात तसं लिहून घ्या आणि आठवड्याभराने परत जा, त्याचे वेगळे पैसे मागितले तर आधीच बोलून घ्या.